आशाताईंनी बाळाचं वजन केलं, पण आईला कुणी विचारलं का?

गेल्या हिवाळ्यात माझी मावसबहीण पहिल्या बाळंतपणाला उमरग्याला माहेरी आली होती. मी भेटायला गेले त्या दिवशी बाळ २१ दिवसांचं होतं. तेवढ्यात आशाताईही आल्या. त्यांनी पिशवीतून काटा काढला, बाळाला झोळीत घालून वजन केलं, थर्मामीटर लावला, दूध नीट ओढतंय का ते विचारलं आणि फॉर्म भरला. वजन वाढलं होतं. सगळ्यांचे चेहरे खुलले, मावशीने चहा टाकला.

बहीण बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. आशाताई गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, की तिला बाळाला घ्यावंसंच वाटत नाही. आणि असं वाटतं म्हणून ती दिवसभर मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावत बसते.

मी मास कॉम केलंय. मानसिक आरोग्यावर दोन-चार व्हिडिओही केलेत. तरी माझ्या तोंडून काय निघालं? "अगं, होतं असं. बाळाकडं बघ की, किती गोड आहे."

ते उत्तर चुकलं होतं. का चुकलं, ते शोधताना जे हाती आलं, ते इथे मांडतेय.

अमेरिकेत यावर सरकारी इशारा निघाला

आधी जगाचं बघू. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी पालकांच्या मानसिक आरोग्याबद्दल एक जाहीर सूचना काढली. मूर्ती यांचं कुटुंब मूळचं कर्नाटकातलं. सिगारेट, बंदुकीची हिंसा, सोशल मीडिया अशा विषयांवर अमेरिकेत असे इशारे निघतात. त्या रांगेत पहिल्यांदा 'आईबाप होणं' जाऊन बसलं.

त्यातले दोन आकडे खूप शेअर झाले. गेल्या महिन्यात खूप ताण होता, असं सांगणारे ३३ टक्के पालक होते. मुलं नसलेल्या किंवा मुलं मोठी झालेल्या प्रौढांमध्ये हेच प्रमाण २० टक्के होतं. आणि बहुतेक दिवशी ताण पार डोक्यावरून जातो, असं ४८ टक्के पालकांनी सांगितलं. इतरांमध्ये ते २६ टक्के.

यावर आपल्याकडची कमेंट ठरलेली असते: तिकडं एकत्र कुटुंब नाही, म्हणून हे चोचले. आमच्या आजीने सात लेकरं वाढवली, तिला कुठं डिप्रेशन आलं होतं?

या कमेंटमध्ये थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करू. बेल्जियमच्या इझाबेल रोस्काम आणि मॉयरा मिकोलायचाक या संशोधकांनी ४२ देशांतल्या १७ हजारांहून जास्त पालकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. 'ज्याने त्याने आपलं बघावं' अशी रीत असलेल्या श्रीमंत पाश्चात्त्य देशांत पालक जास्त थकून गेलेले आढळले. पण त्या ४२ देशांत भारत नव्हता. म्हणजे त्या अभ्यासाच्या जोरावर आपण स्वतःची पाठ थोपटून घेऊ शकत नाही.

दुसरा एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जेनिफर ग्लास आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २२ देशांची तुलना केली. मुलं असलेले लोक मुलं नसलेल्यांपेक्षा किती कमी आनंदी आहेत, हे त्यांनी तपासलं. सगळ्यात मोठी तफावत अमेरिकेत निघाली. पण जिथे पगारी रजा मिळते, पाळणाघर परवडतं आणि कामाच्या वेळा थोड्या पुढंमागं करता येतात, तिथे ही तफावत जवळपास नव्हतीच. म्हणजे माणूस खचतो तो लेकरामुळं नव्हे. लेकरू वाढवताना आजूबाजूला काय आहे आणि काय नाही, त्यावर ते ठरतं.

मग उमरग्यासारख्या ठिकाणी आजूबाजूला काय आहे?

आजीला झालं नव्हतं, की त्याला नाव नव्हतं?

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं, उगाच भीती वाटणं हे बऱ्याच जणींना होतं. प्रसूतीनंतर शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं एकदम खाली येतात. वर झोप तुकड्यातुकड्यात. हा काळ साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. तो ओसरला नाही, मन कशातच लागेना, भूक मेली, बाळ झोपलं तरी आपल्याला झोप लागेना, 'मी वाईट आई आहे' हे डोक्यातून जाईना, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

किती जणींना होतो? भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मांडणी २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आली होती. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. पाच बाळंतिणींमागे एक.

आजीच्या काळातही या बायका होत्याच. फक्त त्यांच्याबद्दल 'बाहेरची बाधा झाली', 'नजर लागली', 'बाळंतरोग झाला' असं म्हणायचे. आजही आपल्या भागात कुणी 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, हातापायात जीव नाही, कसंतरीच होतंय, असं सांगतात. त्यावर दवाखान्यात सलाईन लागतं, रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात आणि बाई घरी येते. रक्त कमी असणंही खरंच असतं, म्हणून तर दुसरी गोष्ट निसटते.

गोव्यातल्या अभ्यासाने दाखवलेली गोष्ट

या विषयावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारीच झालाय. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर महिलांना पुढचे काही महिने गाठून विचारपूस केली. २००२ मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यातल्या तब्बल ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. आणि सहा महिन्यांनी पाहिलं, तर निम्म्याहून जास्त जणी अजून बऱ्या झाल्या नव्हत्या. 'होतं असं, जाईल आपोआप' हे माझं उत्तर इथेच कोसळतं.

कुणाला जास्त धोका होता? घरात पैशाची ओढाताण असलेल्यांना आणि नवऱ्याशी नातं बिघडलेल्यांना. पुढे एक गोष्ट अशी निघाली, जी पाश्चात्त्य अभ्यासांत सापडत नाही: बाळ मुलगा आहे की मुलगी, यावर आईचं आजारपण अवलंबून होतं. मुलगी झाली की नवऱ्याची मारहाण, उपासमार या गोष्टींचा घाव आणखी खोल जात होता. मुलगा झाला की तो थोडा बोथट होत होता.

माझ्या बहिणीला मुलगीच झाली. घरात कुणी वाकडं बोललं नाही, हे खरं. पण बघायला येणारी प्रत्येक बाई 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणायची, आणि म्हणताना आवाज सांत्वनाचा असायचा. २० दिवसांत ते वाक्य किती वेळा ऐकलं, हे तिने मोजून ठेवलं होतं.

माहेरी शेक-शेगडी, सासरी काय?

आपल्याकडं बाळंतिणीची सोय असते, हे नाकारायचं कारण नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. शेक-शेगडी, धुरी, अंगाला तेल, डिंकाचे आणि हाळिवाचे लाडू, सव्वा महिना घरकामाला हात लावायचा नाही. अमेरिकेतल्या आईला हे पैसे देऊनही मिळत नाही.

पण ही सोय शरीराची आहे. त्या खोलीत बाळंतीण दिवसरात्र एकटीही नसते आणि मोकळीही नसते. कानात बोळे, खिडकी बंद, आणि प्रत्येक येणाऱ्याचा एक सल्ला. दूध कमी पडतंय, वरचं पाजू नको, असं धरू नको, फोन बघू नको.

शिवाय ही सोय संपते. बाळ अडीच-तीन महिन्यांचं झालं की बाळंतविडा घेऊन बाई सासरी जाते. तिथे स्वयंपाक, धुणं, जनावरं असतील तर तीही, आणि आता कडेवर बाळ. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के महिला रोज घरातल्या माणसांची देखभाल करतात, त्यात दिवसाला साधारण १४० मिनिटं जातात. पुरुषांमध्ये हे करणारेच २१ टक्के, आणि तेही ७५ मिनिटांच्या आसपास. यात स्वयंपाक-भांडी धरलेली नाहीत. ती वेगळी मोजतात.

उमरगा तालुक्यात आणखी एक भानगड आहे. हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, कर्नाटकच्या सीमेला चिकटून. सोयरिकी बसवकल्याणला, आळंदला सर्रास होतात. माझ्या बहिणीचं सासर बसवकल्याणकडचंच. म्हणजे माहेरच्या आशाताईंनी बाळंतिणीला सव्वा महिना पाहिलेलं असतं, चेहरा उतरलाय हे त्यांच्या लक्षात आलेलंही असतं. पण ज्या दिवशी घरकामाचा भार परत पडतो, त्या दिवशी ती बाई दुसऱ्या आशाच्या, दुसऱ्या तालुक्याच्या, कधी दुसऱ्या राज्याच्या यादीत गेलेली असते. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड तिच्यासोबत जातं. 'ही रात्र रात्र रडायची' ही माहिती कुठल्याच कार्डावर जात नाही.

बाप कुठं आहे?

दाजी चाकणला कंपनीत. बारशाला दोन दिवस आले आणि गेले. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायला लावणारा कायदा देशात नाही. आईसाठी २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती कुणाला? पगाराच्या स्लिपवर नाव असलेल्यांना. शेतात, वीटभट्टीवर, उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला तो कायदा शिवतही नाही.

बापांनाही हा आजार होतो, हे मला माहीत नव्हतं. २०१० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांची मांडणी आली. त्यानुसार बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे १० टक्के बापांना नैराश्य येतं. बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना ते सगळ्यात जास्त असतं. बाप रडत नाही. तो चिडतो, घरी यायचं टाळतो, पितो. आपण त्याला 'बिघडला' म्हणतो.

आणि हे बाळंतपणापुरतं नाही. मूल मोठं होतं तशी काळजी रूप बदलते. आपल्या पट्ट्यात दहावीनंतरचा रस्ता लातूरला जातो. क्लास, खोली, मेस, नीट. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला, पण बाजारात त्याच्याखाली विकायची वेळ अनेकांवर आली. त्याआधी सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिकं नेलीच होती. अशा वर्षी पोराच्या क्लासचा हप्ता भरणारा बाप रात्री झोपतो का, हा मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे. आपण मात्र नीटच्या ताणावर बोलताना फक्त पोरांबद्दल बोलतो.

गडचिरोलीतून आलेली वाट

आता परत त्या काट्याकडे येऊ. आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, ही पद्धत आली कुठून? महाराष्ट्रातूनच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत नवजात बाळांचा मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे २०११ मध्ये हे देशभर आशांमार्फत सुरू झालं.

आज दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात. एकूण ११ भेटी. सरकारचा दुसरा कुठलाही माणूस एका घरात सव्वा वर्षात ११ वेळा जात नाही. (जात असेल तर तो वसुलीवाला.)

या भेटींमध्ये आईबद्दल प्रश्न आहेत, अगदी नाहीत असं नाही. ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, किती वेळा जेवता, दूध पाजताना त्रास होतो का, बोलणं विचित्र झालंय का, झटके आलेत का. शेवटचे दोन अगदी टोकाच्या आजारासाठी आहेत. मधली सगळी जागा रिकामी. भिंतीकडं तोंड करून पडलेल्या बाईसाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

ती जागा भरता येते, याचे पुरावे आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी आपल्या आशांसारख्याच 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांना बोलण्याची साधी पद्धत शिकवली. त्या डिप्रेशन हा शब्द काढत नसत. बाळ चांगलं वाढावं म्हणून आलोय, असं सांगून सासूलाही सोबत बसवत आणि आईच्या डोक्यातले विचार हळूहळू उलगडत. २००८ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी त्यांच्या गटात २३ टक्के आयांना नैराश्य होतं, नुसत्या भेटी झालेल्या गटात ५३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत नंतर सगळ्या देशांसाठी पुस्तिका म्हणून काढली.

गोव्यात 'संगाथ' संस्थेने हेच काम शेजारच्या साध्या बायकांकडून करून घेतलं. त्यांना 'सखी' म्हणत. २०१९ मध्ये आलेल्या निकालात सखी मिळालेल्या ७३ टक्के महिला सहा महिन्यांनी आजारातून बाहेर होत्या. न मिळालेल्यांत ६० टक्के. लक्षणांची तीव्रता मोजली तेव्हा मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे जादू नाही. पण देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसताना १०० मागे १३ जास्त बायका बऱ्या होणं कमी नाही.

बाळाच्या वजनाची सबब पुढं करून आईला विचारावं लागतं, याचा मला राग येतो. आईचं मन ठीक असावं, एवढंच कारण पुरायला हवं होतं. पण रावळपिंडीच्या बायकांनी दार उघडायला तीच किल्ली वापरली आणि ती चालली.

धाराशिवला हे नवीन नाही

शेतकरी आत्महत्यांनंतर राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात आपला जिल्हाही होता, तेव्हाचा उस्मानाबाद. आशांनी शेतकरी कुटुंबांत जाऊन झोप, निराशा, जगण्याचा कंटाळा याबद्दल विचारायचं, आणि गरज दिसली तर पुढे पाठवायचं, अशी ती रचना होती. म्हणजे याच जिल्ह्यातल्या आशांनी हे प्रश्न विचारलेले आहेत. फक्त समोर कर्जबाजारी शेतकरी होता, बाळंतीण नव्हती.

मग आता एक रकाना वाढवा, झालं? इतकं सोपं नाही. आशांना बाळाच्या ४२ दिवसांच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरलेले आहेत. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या, आझाद मैदानावर बसल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये सरकारने ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. अशा वेळी प्रशिक्षण आणि पैसे न देता 'आईचं मनही बघा' म्हणणं म्हणजे एका थकलेल्या बाईला दुसऱ्या थकलेल्या बाईवर सोपवणं. आणि आशाने ओळखलं तरी पाठवायचं कुठं? मानसिक आरोग्याचं जिल्हा पथक धाराशिवला. उमरग्याहून एसटीने तिथे जायचं तर जाऊन-येऊन दिवस मोडतो, कडेवर तान्हं बाळ आणि सोबत यायला एक माणूस लागतो तो वेगळाच. उपजिल्हा रुग्णालयात लसीकरणाच्याच दिवशी समुपदेशक बसला, तर बाईला घरी वेगळं कारण सांगावं लागणार नाही.

तोवर घरात काय करता येईल?

दोन प्रश्न पुरतात, आणि ते कुणीही विचारू शकतं. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटलं का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागत नाही का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांशी बोला. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय, नसलेले आवाज ऐकू येतात, बाई दोन-तीन दिवस झोपलीच नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वाट बघू नका. दूध पाजताना चालतील अशी औषधं असतात. 'गोळ्या सुरू केल्या की दूध तोडावं लागतं' या भीतीने कुणी थांबू नये. ते डॉक्टर ठरवतील.

आणि रात्रीचं एक दूध किंवा एक रडणं दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. सलग चार-पाच तास झोप मिळणं हा उपचाराचाच भाग आहे.

१४४१६ ही 'टेलि-मानस'ची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. फोन मोफत लागतो, मराठीत बोलता येतं. मी हा नंबर बहिणीला दिला. तिने दोन दिवस लावलाच नाही. कारण साधं होतं: बाळंतिणीच्या खोलीत बसून फोनवर बोललं की ते ओसरीपर्यंत ऐकू जातं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, मावशीला म्हटलं बाळाला जरा उन्हात घेऊन बस, आणि दाराला कडी लावून बाहेर उभी राहिले. आत ती पाऊण तास बोलत होती.